हिरवा मणी

शेगडीची निळी ज्योत फुलली की मला जतहून सांगलीला निघालेली ती सकाळची एसटी आठवते. तिथं विश्रामबागेत काचेचे मणी बनवायला शिकवणारा दोन दिवसांचा वर्ग होता. खिडकीबाहेर ज्वारी विरत जाऊन ऊस कधी सुरू झाला, कळलंच नाही. मांडीवरच्या पुडीत आईच्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते. वडील गेले तेव्हा बायकांनी फोडलेले, तिनं गुपचूप वेचून ठेवलेले. वर्गात ते ज्योतीत मधासारखे ओघळले आणि सळईभोवती गोल होत गेले. परतल्यावर आईच्या तळव्यावर मणी ठेवला. "आता मला हिरवं चालतंय व्हय गं?" "आई, बांगडी कुठं हाय? मणी हाय." तिनं तो दोऱ्यात ओवून मनगटाला बांधला. एकटा मणी किणकिणत नाही, म्हणून भाकरी थापताना ती मुद्दाम मनगट परातीला लावायची. आज तो मणी माझ्या हातात आहे, आणि परातीला माझंही मनगट लागतं.