बगलेखालच्या चिंध्या

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी वाचकांची क्षमा मागतो. या पानांवर आपले अनुभव सांगणारी माणसे वयाने आणि विश्वासाने माझ्यापेक्षा पुष्कळ मोठी असतात. मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि चारचौघांत प्रार्थना करायला सांगितली तर अजूनही माझे शब्द अडखळतात. जे घडले त्याला काय नाव द्यावे ते मला कळत नाही. जसे घडले तसे सांगतो, एवढेच माझ्या हातात आहे.

माझी आई कुवेतमध्ये एका दवाखान्यात नर्स आहे. बाबा तिथेच एसीच्या डक्टचे काम करतात. मी नगरला आत्याकडे राहून शिकलो आणि आता होस्टेलवर असतो. दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाल्यावर आईने मला व्हिसा पाठवला. दोन महिने आम्ही तिघे एकत्र राहणार म्हणून मी आनंदात होतो. पण मी पोहोचण्याच्या थोडे आधी रुमैथियातल्या एका बंगल्यात काम करताना बाबा परांचीवरून पडले. विमानतळावर आई एकटीच आली होती. टॅक्सीत बसल्यावर तिने मला सांगितले, आणि सांगताना ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

मांडीचे हाड आणि खुबा मोडला होता. ऑपरेशन चांगले झाले. डॉक्टरांनी आईला समजावून सांगितले की हाड जुळेल, पण आता यांनी उभे राहिले पाहिजे. असेच पडून राहिले तर सांधे आखडतील आणि मग चालणे कायमचे राहील. सगळे एवढ्यावर आले होते, आणि बाबा उभे राहायला तयार नव्हते. पहिल्या दिवशी दोघा माणसांनी त्यांना काखेत हात घालून उचलले होते. पडताना बरगड्यांना मार लागलेला, अंगावर मांस उरलेले नव्हते, त्यात कुबड्यांची वरची रबरे वाळून दगडासारखी झालेली. काखेतली कातडी सोलून निघाली आणि सगळ्या वॉर्डासमोर बाबा ओरडले. त्या ओरडण्याची त्यांना दुखण्यापेक्षा जास्त लाज वाटली असावी. तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. फिजिओथेरपीची बाई आली की म्हणायचे, "मला गोणीसारखं उचलू नका. पडलोय तिथं पडू द्या."

आईची ड्यूटी असायची म्हणून दिवसभर मी त्यांच्याजवळ बसत असे. मी समजूत घालू लागलो की ते म्हणत, "तू कॉलेजात जातोस ना? मग वाच तुझं पुस्तक. बापाला उठवायचं शिकवत नाहीत तिथं." मी खरेच पुस्तक उघडून बसायचो. मनातून प्रार्थना करायचो, पण ती प्रार्थना म्हणजे हट्ट होता. ज्या देवाने मोशेसाठी समुद्र दुभंगवला त्याला एक पाय बरा करायला काय अवघड आहे, असे मी त्याला ऐकवत होतो. उत्तर येत नव्हते, आणि हळूहळू मला वाटू लागले की वर कोणी ऐकतच नसावे. हे मी आईला सांगितले नाही.

कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवारी असते, त्यामुळे आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासनाही शुक्रवारी भरते. एगैलामध्ये एका कुटुंबाच्या घरी सतरंज्या अंथरून सगळे बसतात. तिथे उन्हाळ्यात एक पद्धत आहे. बायबलच्या जुन्या करारातली एकेक व्यक्ती एकेकाला वाटून दिली जाते, आणि ज्याने त्याने तिच्या गोष्टीबरोबर काही दिवस राहून मग तिच्याविषयी बोलायचे. हे वाटप आमचे मास्तरकाका करतात. ते पूर्वी गावी शिक्षक होते. मी पोहोचलो तोवर मोशे, दावीद, योसेफ, एस्तेर सगळी मोठी माणसे गेली होती. मास्तरकाका चष्मा वर करून म्हणाले, "तुला एबद-मलेख." मला हे नाव माहीत नव्हते. कोपऱ्यातल्या मुली हसल्या आणि त्यांच्यातली एक म्हणाली, "हू इज दॅट?" मलाही तेच विचारायचे होते. मी शिकलेला म्हणून मला काही भारदस्त मिळेल अशी माझी अपेक्षा होती, ती मोडली. बाबांना सांगितले तेव्हा ते बऱ्याच दिवसांनी थोडे हसले. म्हणाले, "उशिरा गेलं की पंगतीत खरवडच मिळते."

गोष्ट लहान आहे. यिर्मया संदेष्टा खरे बोलतो म्हणून सरदार त्याला दोरांनी एका विहिरीत सोडतात. विहिरीत पाणी नसते, नुसता चिखल असतो, आणि तो त्यात रुतत जातो. राजवाड्यात एबद-मलेख नावाचा एक परदेशी चाकर असतो, कूश देशाचा. तो राजाकडे जाऊन धीटपणे बोलतो, परवानगी मिळवतो आणि माणसे घेऊन यिर्मयाला वर ओढून काढतो. मी माझे भाषण लिहिले, त्यात त्याच्या धैर्यावर बराच मजकूर लिहिला. मध्ये एक तपशील होता तो मी गाळला. दोर सोडण्याआधी हा माणूस राजाच्या भांडाराखालच्या खोलीतून जुनी फाटकी वस्त्रे आणि चिंध्या आणतो, त्या खाली सोडतो आणि सांगतो की या काखेत धर, म्हणजे दोर त्यांच्यावर येतील. माणूस मरायला टेकला आहे आणि शास्त्र चिंध्यांचे काय सांगत बसले आहे, असे मला वाटले होते.

त्याच आठवड्यात सकाळच्या वेळी वॉर्डात एक नवा माणूस आला. उंच, सावळा, पन्नाशीचा असेल. रुग्णांना इकडून तिकडे नेण्याचे त्याचे काम होते. बाईने बाबांना उठवायला सांगितले तसा तो खाटेजवळ आला. बाबांनी नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड केले. त्याने बाबांच्या सदऱ्याची बाही जरा वर करून काखेतली जखम पाहिली, कुबडी उचलली, तिचे रबर अंगठ्याने दाबून पाहिले आणि निघून गेला. मला वाटले, हाही कंटाळला. थोड्या वेळाने तो परत आला तेव्हा त्याच्या हातात धुऊन धुऊन मऊ झालेली एक जुनी चादर होती. माझ्याजवळच्या स्टुलावर बसून त्याने तिच्या पट्ट्या फाडल्या. कुबड्यांच्या माथ्यावर त्या एकावर एक गुंडाळल्या, गाठी बाहेरच्या बाजूला घेतल्या. मग कुबडी स्वतःच्या काखेत घेऊन त्याने आपला सगळा भार तिच्यावर टाकून पाहिला. एक गाठ टोचली असावी, ती सोडून त्याने पुन्हा बांधली. उरलेल्या कापडाच्या दोन घड्या त्याने बाबांच्या काखेत ठेवल्या आणि मग त्यांच्या पाठीमागून हात घातला. "शुवय्या, बाबा, शुवय्या," तो म्हणाला. अरबीत याचा अर्थ हळूहळू.

बाबा उभे राहिले. फार वेळ नाही. पाय थरथरत होते, पण ते ओरडले नाहीत. मदतीला पुढे व्हायचे सोडून मी पाहत राहिलो. माझ्या पिशवीत ते भाषण होते आणि त्यातून मी चिंध्या गाळल्या होत्या.

खाटेवर परत टेकताना बाबांनी त्याला हिंदीत नाव विचारले. तो म्हणाला, आदम. बाबा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बायबलातल्या आदामानं खाली पाडलं, हा दुसरा उठवतोय." किती दिवसांनी त्यांच्या तोंडून अशी थट्टा ऐकली. मी आदमला देश विचारला. सुदान, तो म्हणाला, आणि हाताने नाईल नदी काढून दाखवली.

त्या शुक्रवारी मी लिहिलेले भाषण वाचले नाही. वॉर्डात पाहिले ते तुटक तुटक सांगितले आणि बसलो. मास्तरकाका हळूच म्हणाले, "कूश म्हणजे नाईलच्या वरच्या अंगाचा मुलूख. आजचं सुदान म्हणतात ते तिकडंच." त्यांनी पुढे काहीच जोडले नाही, आणि मीही जोडत नाही. आई पदराने डोळे टिपत होती. रविवारी मी आदमचे आभार मानायचे ठरवून गेलो तर तो तिथे नव्हता. दुसऱ्या इमारतीत पाठवला असेल, असे सिस्टर म्हणाल्या. मी दोनदा शोधून आलो. भेट झाली नाही.

माझी सुट्टी संपली तेव्हा बाबा फक्त उभे राहू शकत होते. पाऊल पडत नव्हते. निरोप घेताना मी त्यांच्या खाटेशी घुटमळलो. ते म्हणाले, "सलाम. जा आता. उभा राहिलोय ना, चालेन तेव्हा चालेन." होस्टेलवर परत आल्यावर माझी प्रार्थना बदलली, ती मी ठरवून बदलली नव्हती. समुद्र दुभंगण्याचे मागणे माझ्याने होईना. माझ्या ध्यानात आले की देव माणसाला वर ओढतो तेव्हा दोर त्याला काचू नये याचीही तो काळजी घेतो, आणि ती काळजी बहुधा कोणीतरी टाकून दिलेल्या कापडाची असते. मी वरच्या दोराकडे पाहत होतो म्हणून मला ती दिसली नव्हती. बाबा चालतील की नाही, हे मी देवावर सोपवले. सोपवणे सोपे नव्हते. रोज सकाळी पुन्हा सोपवावे लागत होते. फोन फारसा येत नसे, आणि आला तरी आई "आहे तसंच आहे" म्हणून माझ्या अभ्यासाचे विचारायची. तरीही मी उपकार मानायला शिकलो, उत्तर येण्याच्या आधी.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका शुक्रवारी दुपारी रेक्टर सरांनी मला ऑफिसात बोलावले. आईचा फोन होता. तिचा आवाज ऐकून मी आधी घाबरलो. ती म्हणाली की बाबा आज उपासनेला गेले होते, एगैलाच्या त्या घराच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढून. हातात नुसती काठी. आणि काल ते हट्टाने हॉस्पिटलात जाऊन कुबड्या परत करून आले. देण्याआधी आई कुबड्यांवरच्या चिंध्या सोडायला बसली होती, कळकट झाल्यात म्हणून. बाबांनी तिचा हात धरला.

"धुऊन पुन्हा तशाच बांध," ते तिला म्हणाले. "पुढच्याला लागतील."