उद्या पेशी आहे

"अहो, फ्रिजमध्ये नका ठेवू, घाबरतात त्या!" म्हणत बाई माझ्या हातातली रक्ताची नळी काढून घ्यायच्या आणि मुठीत धरून बसायच्या. घाबरणाऱ्या म्हणजे प्लेटलेट्स, रक्त गोठवणाऱ्या पेशी. बाई नागपूरकडच्या, पुण्याला आमच्या प्रयोगशाळेत संशोधनाला आलेल्या.

काम सोपं करून सांगतो. जखम झाली की प्लेटलेटच्या अंगावरच्या रिसेप्टरला हाक ऐकू येते, मग कॅल्शियमची दारं उघडतात आणि पेशी एकमेकींना चिकटून रक्त थांबवतात. कॅल्शियम आत शिरलं की आमच्या पडद्यावरची रेघ वर चढायची. बाई टाळी वाजवायच्या, "ऐकलं न बापा!" रोज तेच, रोज तेवढाच आनंद. आम्हा पुणेकरांना इतका आनंद परवडत नाही.

एकदा म्हणाल्या, "उद्या येणार नाही. नागपूरला पेशी आहे."

"का, पुण्यातल्या संपल्या?" मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. "कोर्टाची पेशी, सर. तुम्ही तारीख म्हणता ती."

त्यांची धाकटी बहीण बाळंतपणात रक्त जाऊन वारली होती. मागे राहिलेल्या पोरीचाही घोळणा फुटला की थांबता थांबत नसे. बाईंना खात्री होती, पेशी भरपूर आहेत, पण बहिऱ्या. पोरीच्या बापाचं एकच पालुपद, "रिपोर्टमध्ये आकडा नॉर्मल आहे." तो पुढची तपासणीच करू देईना. म्हणून बाईंनी पोरीचा ताबा मागितला होता. बिबवेवाडीतल्या खोलीत तिच्यासाठी छोटा पलंगही आणून ठेवला होता. दर वेळी पुढची तारीख घेऊन परत यायच्या. ऐकून माझाच संताप व्हायचा.

अशातच बापाने तिकडे पोरीला टॉन्सिल्स काढायला नेलं. आकडा नॉर्मल होता, डॉक्टरांनी काढले. रक्त थांबलंच नाही. पोर गेली.

फोन आला तेव्हा आमचं मशीन चालू होतं. कुणाच्या तरी निरोगी रक्ताची रेघ झरझर वर चढली. बाईंनी ती पाहिली आणि मशीन बंद केलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या नागपूरला गेल्या, त्या पुण्याला परतल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "पेशी आहे."

"आता कशाला जाताय, बाई?"

"अजी, पुकारा होईल न तिच्या नावाचा. कुणीतरी सांगायला पाहिजे, ती येणार नाही म्हणून."