विहीणबाई आणि पहाटे अडणारी व्हॅन

लेकीचं लग्न ठरवायला आम्ही मुलाच्या घरी गेलो, तेव्हा त्याची आई चिंधीला हात पुसत बाहेर आली. "बसा, दहा मिनिटांत येते. एक गाडी उघडी पडलीय," म्हणाली आणि गेली. नवऱ्याच्या पाठीनं दगा दिल्यावर घरामागचं गॅरेज तिनंच हातात घेतलं होतं. त्याआधी ती शिलाई मशीन दुरुस्त करायची. माझ्या बहिणीनं नाक मुरडलं. मी मात्र मनातल्या मनात होकार देऊन टाकला. लेकीच्या सासूला काहीतरी धड येतं, आणखी काय हवं?

या आमच्या विहीणबाईंची एक खोड आहे. गाडी आली की आधी विचारतात, "रात्री कुठं असते?" उत्तर पटलं नाही, तर स्वतः जाऊन जागा बघून येतात. लोक हसतात. हसोत.

शाळेच्या व्हॅनवाल्यालाही त्यांनी हेच विचारलं होतं. त्याची व्हॅन रोज सकाळी चढावर मिसिंग मारायची. म्हणजे चारातला एक सिलिंडर दांडी मारायचा आणि गाडी आचके देत थांबायची. महिन्यात तीनदा पोरं उशिरा पोचली. मुख्याध्यापिकांनी सुनावलं, "आणखी एकदा उशीर, की दुसरी व्हॅन." त्याचं घर त्या चौदा पोरांवर चालायचं. दोनदा प्लग बदलून झाले होते, आणि शनिवारी तो तिसऱ्यांदा आला. मी तिथंच चहा पीत होते.

"काकू, सकाळी लंगडते आणि दहा वाजता तुमच्याकडे आली की शहाणी!"

"रात्री छपराखालीच असते ना?"

"छपराखाली, वर ताडपत्री! आईला जपत नाही इतकं जपतो."

"ते तुमच्या आईलाच विचारीन एकदा."

आता माझ्याच्यानं राहवेना. "विहीणबाई, जाऊन बघा की! की प्लगांची माळ ओवायचीय?"

"पहाटे पाचला येता?"

"येते. घरी पडून काय दिवे लावणार आहे?"

रविवारी पहाटे त्याच्या घरी पोचलो. छप्पर होतं, ताडपत्रीही होती. पण व्हॅनचं तोंड समोरच्या भिंतीला टेकवलेलं, आणि त्या भिंतीतून मनगटाएवढा पाइप भसाभसा वाफ सोडत होता. पलीकडे त्याच्या मेव्हण्याची लाँड्री. तीन वाजल्यापासून सुरू.

"हे काय?"

"वाफ, काकू." व्हॅनवाला खुशीत होता. "गारठ्यात इंजिन आखडू नये म्हणून तोंड मुद्दाम इकडे करतो. शेक मिळतो."

विहीणबाईंनी बॉनेट उघडलं. आतून पाणी निथळत होतं.

"शेक? आंघोळ घालताय तिला! वर ताडपत्री, म्हणजे वाफ जायलाही वाट नाही. करा सुरू."

त्यांनी टॉर्च विझवला. इंजिन आचके देत सुरू झालं आणि प्लगच्या वायरींवर बारीक निळ्या ठिणग्या तडतडायला लागल्या. पदार्थविज्ञानाची पदवी माझ्याकडे, पण हे दृश्य मी प्रथमच पाहत होते.

"वायरींना तडे गेलेत," विहीणबाई म्हणाल्या. "कोरड्या असल्या की निभतं. ओल्या झाल्या की करंट प्लगपर्यंत जातच नाही, मधूनच पळतो. मग तापलेल्या इंजिनानं सगळं सुकतं आणि ही बया साळसूदपणे माझ्या दारात उभी!"

व्हॅनवाल्यानं कपाळाला हात लावला. "म्हणजे मीच..."

"तुम्ही आणि मी. छपराखाली म्हणालात, मी मान डोलावली. बघायला आले नाही. त्या वाया गेलेल्या प्लगांचे पैसे माझ्या माथी."

ही कबुली त्यांनी लाँड्रीतून बाहेर आलेल्या मेव्हण्यासमोर, मोठ्या आवाजात दिली. मी असते तर कुजबुजले असते.

दिवसभरात वायरी नव्या झाल्या. प्लगांना करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणालाही केसाएवढी चीर निघाली, तेही बदललं. प्लगवरच्या रबरी टोप्यांत पाणी शिरू नये म्हणून आतून ग्रीस लावलं. व्हॅन ढकलत छपराच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि मेव्हण्याला पाइपचं तोंड आभाळाकडे वळवायला लावलं.

सोमवारी आम्ही दोघी व्हॅनच्या मागच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून. पोरांचा नुसता बाजार! चढ आला.

"चूप!" विहीणबाई गरजल्या.

चौदा तोंडं मिटली. इंजिन एका सुरात घुमत होतं. व्हॅनवाल्याची मान ताठ, ओठ काहीतरी पुटपुटत होते. एक आचका नाही. वर पोचल्यावर त्यानं असा सुस्कारा सोडला, की काच धुरकटली.

शाळेचं फाटक बंद! वाटेत अडेल म्हणून व्हॅनवाला अर्धा तास आधीच निघाला होता. शिपाई तोंडात ब्रश घेऊन धावत आला. पंधरा मिनिटांनी मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी व्हॅनकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि ते झटकून कानाला लावलं.

"घड्याळ बरोबर आहे, बाई," विहीणबाई म्हणाल्या.

"मग उद्यापासून जरा उशिराच आणा," मुख्याध्यापिका व्हॅनवाल्याला म्हणाल्या. "शिपायाला दात तरी घासू द्या."