वाट क्रमांक सतरा

लातूर जिल्ह्यात काही कारण नसताना पायी चालणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. आमच्या मराठवाड्यात माणूस चालतो तो एसटी चुकली म्हणून, बैल बसला म्हणून, नाहीतर मयताला. हौसेखातर घरचा पंखा सोडून माळावर उन्हात जाणारा इसम आमच्याकडे एकतर भ्रमिष्ट ठरतो, नाहीतर सरकारी. साडूभाऊ दोन्ही नव्हते. लातूरच्या बाजारपेठेत त्यांचं वडिलांपासूनचं कापडाचं दुकान होतं, कपाळावर भस्माचे तीन पट्टे होते, गळ्यात लिंग होतं, आणि दर सोमवारी दुकान बंद ठेवून ते डोंगर शोधायला जात.

हे वेड लागलं ते जिल्हा झाल्यावर. उस्मानाबादपासून तुटून लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा गावात जो तो काहीतरी मागत होता. कुणाला कॉलेज पाहिजे होतं, कुणाला मोठं स्टँड, कुणाला नुसतीच एखादी कमिटी. साडूभाऊंचं म्हणणं वेगळं. "पावणं, जिल्हा झाला, कलेक्टर आला. पर उद्या परगावचा माणूस आला तर त्याला फिरायला न्यायचं कुठं? आडतीत?" म्हणून त्यांनी दोनशे पानी वही घेतली आणि वर ठळक अक्षरात लिहिलं, 'लाल गाडीने जाण्याजोग्या पायवाटा'. आत प्रत्येक वाटेला क्रमांक, उतरायचं ठिकाण, किती कोस, परतीची गाडी, आणि शेवटी 'पोत'. पोत हा कापडवाल्याचा शब्द. हत्तीबेटाची वाट (बेट म्हणजे आमच्याकडे टेकडी) त्यांच्या मते खादी होती, अंगाला टोचणारी पण टिकाऊ. वडवळच्या बेटावरची वाट नायलॉन, म्हणजे पाय ठेवला की घसरलीच. बाकी बहुतेक सगळ्या मांजरपाट, म्हणजे जाड्याभरड्या, रोजच्या. पहिल्या पानावर एकच नियम होता: 'वाटेत कोणी पाणी दिले तर नाही म्हणू नये.' का, असं मी एकदा विचारलं. "पाण्याला न्हाई म्हटलं की माणसालाच न्हाई म्हटल्यागत होतंय," ते म्हणाले.

कंडक्टर मंडळी त्यांना पाहूनच कपाळाला हात लावत. "कुठलं देऊ?" असं विचारलं की साडूभाऊ खिडकीतून बोट दाखवत, "त्यो डोंगर येतो ना, तिथलं." एका कंडक्टरनं शेवटी हात जोडले. "मालक, डोंगराचं तिकीट नसतंय. टप्प्याचं असतंय." शिवाय साडूभाऊंच्या हातात दुकानातला कापड मोजायचा लोखंडी गज. पावलं मोजायची, दर शंभर पावलांना थांबायचं, गज जमिनीत रोवायचा, खाली बघायचं आणि वहीत टिपायचं. काठी का नाही नेत म्हटलं तर म्हणत, "काठी वाकती. गज खोटं बोलत न्हाई." या गजानंच पुढे घात केला.

मी नांदेडला शाळामास्तर. सुट्टीत बायकोबरोबर लातूरला गेलो की सोमवारी माझी पाळी ठरलेली. माझी मेव्हणी, जिला सगळे अक्का म्हणतात, डबा बांधता बांधता सांगे, "पावणं, जावा बरं सोबत. एकट्याला बघून लोक मला इचारतेत, डोकं बरं हाय का म्हणून." मी स्थूल माणूस. एसटीतून उतरलो की पहिला विचार परतीच्या गाडीचा. तरी जात होतो. सासुरवाडीच्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते.

वाट क्रमांक सतरासाठी आम्ही शिमग्याच्या सुट्टीत चाकूरच्या अलीकडे एका फाट्यावर उतरलो. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. माळावर गवताची काडी नव्हती, झाडं नुसती उभी होती आणि ज्या डोंगरासाठी आलो तो जवळ गेल्यावर डोंगर राहिला नाही, मुरमाचा उंचवटा झाला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे साडूभाऊ पावलं मोजत पुढे, मी धापा टाकत मागे. दोन कोसांवर एक वाडी लागली. विहिरीवर बायका घागरी लावून बसल्या होत्या. विहिरीत उतरलेला एक गडी वाटीनं पाणी खरवडून भरत होता. आम्हाला बघून सगळ्या उठून उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक पन्नाशीची, उंच, सावळी बाई घरात गेली आणि गुळाचा खडा न् तांब्या घेऊन आली. नियमाप्रमाणे साडूभाऊ प्याले. मी तर दोन तांबे प्यालो. एवढं गोड पाणी मी आजवर प्यालो नाही, आणि त्याची लाज अजून जात नाही.

तांब्या खाली ठेवला तशी ती मावशी म्हणाली, "आता सांगा मालक. कुठं हाय?"

"काय कुठं हाय?"

"पाणी."

हातात लोखंडी गज, जागोजागी थांबणं, जमिनीकडे बघणं, वहीत टिपणं. वाडीनं तासभर आम्हाला लांबून बघितलं होतं आणि साडूभाऊंना जमिनीखालचं पाणी सांगणारा पाणाड्या ठरवून टाकलं होतं. "मावशी, मी कापडवाला हाय. नुसतं हिंडायलोय," साडूभाऊ म्हणाले. माणसं हसली. एक म्हातारा म्हणाला, "दुष्काळात नुसतं कोण हिंडतंय, मालक? खरा पाणाड्या असंच म्हणतो." साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी साक्ष दिली असती तर कदाचित पटलं असतं. पण माझ्या पोटात वाडीचे दोन तांबे होते, आणि 'ह्यो माणूस उगंच फिरतो' हे शब्द काही माझ्या तोंडातून निघेनात. साडूभाऊ इतके गोंधळले की हातातला गज त्यांनी जमिनीत टेकवला. बस्स. मावशीनं तिथं दगड ठेवला, हळदकुंकू वाहिलं. कुणीतरी नारळ फोडला. आम्ही साडेपाचची गाडी गाठायला पळत सुटलो, आणि वाटभर साडूभाऊंनी पाऊल मोजलं नाही.

पुढच्या सोमवारी ते एकटेच गेले, समजूत घालून खोदणं थांबवायला. तर खड्डा कमरेइतका झालेला. मग थांबवायचं राहिलं आणि त्यांनी धोतर वर खोचून कुदळ घेतली. मे महिन्याच्या सुट्टीत मी पुन्हा लातूरला गेलो, तेव्हा ज्या हातांनी आयुष्यभर मलमल उलगडली त्या हातांना भाकरीएवढे घट्टे पडले होते. वही बंद होती. अक्का चिडलेली. "आधी डोंगर हुडकत होते, आता खड्डा करायलेत. म्या देवाला काय सांगू?" दर सोमवारी तीच गाडी, तोच फाटा, तेच दोन कोस. एका सोमवारी मीही गेलो. चार परस खोल झालं होतं, म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहतील इतकं. खाली काळा कातळ लागला होता आणि त्याला ओल म्हणून नव्हती. पहारीचा आवाज वर येत होता, ठण्ण ठण्ण, आणि काठावर बसलेली माणसं त्या आवाजाकडे आशेनं बघत होती. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

साडूभाऊ वर आले आणि सगळ्यांसमोर हात जोडून उभे राहिले. "म्या खोटा हाय. मला यातलं काय बी कळत न्हाई. त्या दिशी गज नुसता टेकला व्हता."

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. कुणी दगड मारला असता तरी चाललं असतं. मावशी म्हणाली, "आसं नगा बोलू, मालक. तुमचा हात खोटा न्हाई. पाणी व्हतंच तिथं. आमच्या नशिबाला भिऊन खाली गेलं." आणि आत जाऊन तांब्या घेऊन आली. अर्धाच होता. साडूभाऊंनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पाण्याला नाही म्हटलं. मावशीचा चेहरा उतरला. "राग आला का आमचा?" मग त्यांनी तांब्या घेतला आणि प्याले. पिताना रडत होते. मी दुसरीकडे पाहत उभा राहिलो.

पाऊस आला तो फार उशिरा. तोवर वाडी पांगली होती, ज्याला जिथं भाकरी दिसली तिथं. मावशी नांदेड जिल्ह्यात बिलोलीकडे लेकीच्या गावी गेली असं म्हाताऱ्यानं सांगितलं. पुढे साडूभाऊंच्या नांदेडला येणाऱ्या प्रत्येक पत्रात एक ओळ असेच, 'बिलोलीकडचे कोणी भेटले का?' मी शाळेत त्या भागातला कुणी पालक आला की विचारत असे. नावही माहीत नसलेल्या बाईबद्दल विचारणार तरी कसं? उंच, सावळी, पाहुण्याला आधी पाणी देणारी. तशा बायका आमच्याकडे गावोगाव आहेत.

साडूभाऊ पुन्हा फिरले नाहीत. सोमवारीही दुकान उघडं ठेवू लागले. त्यांच्या छंदाची इतकी वर्षं थट्टा केलेला मी, सुट्टीत लातूरला गेलो की मनातल्या मनात वाट बघे की आता म्हणतील, "चला पावणं." ते कधी म्हणाले नाहीत.

गेल्या साली ते गेले. तेराव्याला अक्कानं वही माझ्या हातात ठेवली, "तुमीच ठिवा, तुमी व्हता सोबत." सोळा वाटांनंतर बरीच पानं कोरी होती. अगदी शेवटी, म्हातारपणच्या थरथरत्या अक्षरात नोंद होती:

'वाट क्रमांक सतरा. चाकूरच्या अलीकडे फाट्यावर उतरावे. दोन कोस. पोत मांजरपाट. पाहण्यासारखे काही नाही. हातात गज नेऊ नये. पाणी आपले आपण न्यावे. कोणी दिले तरी पिऊ नये.'

मी पहिलं पान उघडून पाहिलं. तिथला 'नाही म्हणू नये' हा नियम त्यांनी खोडलेला नव्हता.