व्याह्यांच्या गाडीचा आवाज

नारायणगावला हायवेवर भरतचं गॅरेज आहे आणि ब्रेकच्या कामात त्याचं नाव आहे. गिऱ्हाईक फारच कटकट करायला लागलं तर तो सरळ सांगतो, "भाऊ, दुसरीकडं दाखव." पण निरगुडसरची पांढरी गाडी दारात आली की त्याच्या तोंडाला कुलूप बसायचं. गाडी व्याह्यांची होती. ज्या घरात लेक दिली त्या घरच्या गाडीला नाही म्हणायची आपल्याकडं सोय नसते.

आवाज पुढच्या डाव्या चाकाचा. ब्रेक दाबला की शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी गाडी किंचाळायची. भरतनं डिस्क घासली, पॅड बदलले. काही दिवस गाडी गप्प, मग पुन्हा तेच. व्याही भिमाजी गाडी लावून चारचौघांत म्हणायचे, "पावणं, एवढं तुमचं नाव, आन् घरच्या गाडीचा आवाज जाईना व्हय!" भरत ओशाळं हसायचा आणि आतल्या आत चरफडायचा.

पण चेष्टेपेक्षा त्याला काळजी खात होती. त्याची एकुलती एक लेक समृद्धी रोज हीच गाडी घेऊन मंचरला लॅबमध्ये कामाला जायची. जावई चाकणला कंपनीत. लग्नानंतर तिची नोकरी टिकली ती या गाडीच्या जोरावर.

या खेपेला चाक काढलं तर पॅड तेलानं माखलेले. असा पॅड आज ओरडतो आणि उद्या ऐन उतारावर धरतच नाही. ब्रेक ऑइल गळतंय म्हणावं, तर नळी कोरडी. ग्रीस म्हणावं, तर ते अडवणारं रबर शाबूत. शेवटी त्यानं पॅड नाकाशी नेला. शेंगदाण्याच्या तेलाचा वास आला. हे तेल गॅरेजातलं नव्हतं, स्वयंपाकघरातलं होतं.

व्याह्यांना हे विचारणं जड वाटलं, म्हणून नवे पॅड टाकून त्यानं गाडी दिली आणि आवाज पुन्हा सुरू झाल्याचा फोन येताच सकाळीच निरगुडसर गाठलं. अंगणात भिमाजींची आई, बयाबाई, चाकापाशी बसून वाटीतलं तेल फटीतून आत सोडत होती.

"आई, हे काय करताय?"

"काय न्हाई वो पावणं. गाडी वरडाया लागली की तेल घालती. आमच्या बैलगाडीला बी म्याच वंगण घालायची. नातसून एकलीच लांब जाती, मधीच अडकाया नको."

एवढ्या मायेनं ती म्हणाली की भरतला रागही येईना. तेवढ्यात भिमाजी बाहेर आले. "सापडलं का, पावणं?"

भरत पेचात पडला. म्हातारीचं नाव घ्यावं, तर पोरीच्या बापानं दारात येऊन घरच्या वडीलधाऱ्या माणसाची चूक काढली असं होणार, आणि टोमणे समृद्धीला ऐकावे लागणार. तो खोटं बोलला. "माझ्याच हातनं ग्रीस जास्त झालं व्हतं. गाडी नेतो, धुऊन देतो."

"आज न्हाई. तिला कामाला जायचंय. रविवारी बघू."

समृद्धी किल्ली घेऊन आली, बापाकडं पाहून हसली, गाडीत बसली. इंजिन सुरू झालं. भरत बॉनेटसमोर आडवा उभा राहिला.

"उतर, समृद्धी. चाकात गोडंतेल हाय. ब्रेक लागणार न्हाई."

मग त्यानं सगळंच सांगितलं. बयाबाईनं वाटी खाली ठेवली आणि पदरात तोंड लपवलं. "म्या पोरीचा जीव घ्याया निघाले व्हते व्हय?" ती हमसून रडायला लागली. समृद्धी तिच्याजवळ बसली, तर म्हातारीनं तिचा हात बाजूला सारला.

भिमाजींनी आवाज चढवला नाही. "पावणं, माझ्या आईला रडवलंत. आता ही गाडीच बंद. घरात रडारड नको."

भरतला माफी मागावीशी वाटली, पण कशाची मागायची ते कळेना. त्यानं गाडी धुतली, पॅड बदलले आणि किल्ली ओट्यावर ठेवून निघाला.

आठवड्यानं समृद्धीचा फोन आला.

"नोकरी चालू आहे, पप्पा. वडापच्या जीपनं जाते. दाटीवाटी लई असते, पण जाते."

"आजी?"

"अजून बोलत नाहीत."

"जीप कुणाची?"

तिनं नाव सांगितलं. ती जीप भरतच्याच गॅरेजात यायची, आणि तिचे ब्रेक किती झिजलेत ते त्याला चांगलं ठाऊक होतं.