कोपऱ्यापर्यंतचा बो

"इकडं डोकं कर," एवढंच ती म्हणायची. पोरगी कुणाची आहे, शाळेला उशीर होतोय का, काही विचारपूस नाही. एका हाताने हनुवटी धरायची, मान वळवायची आणि दुसऱ्या हाताने वेणीवर रिबिनीचा बो चढवायचा. आमच्या सोनाळ्यातल्या गल्लीत ती सकाळी ओट्यावर उभी दिसली की हुशार पोरी मागच्या बोळीने सटकायच्या. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेलच. नसेल तर सुखी आहात.

सगळे तिला काकू म्हणत. आता ती थोरल्या मुलाकडे अकोल्याला असते आणि आमच्या पोरी मोकळ्या डोक्याने फिरतात. तिचं न् आमचं घर एका भिंतीचं. तिला दोन मुलगे, आणि दोघेही केस असे कापून यायचे की बो सोडा, माशीसुद्धा घसरावी. मुलगी तिला फार हवी होती, झाली नाही. मग गल्लीतल्या सगळ्या पोरींवर तिने परस्पर हक्क सांगून टाकला. आम्हा आयांना नाही म्हणता येत नसे, कारण दुखण्याखुपण्याला तीच आधी धावून यायची.

बो करायला ती मोबाईलवर पाहून शिकली. मलकापूरची बहीण सॅटिनच्या रिबिनी पाठवायची. घड्या घालायच्या, मधे दोऱ्याने आवळायचं, टोकं मेणबत्तीवर भाजायची म्हणजे धागे सुटत नाहीत. त्या भाजण्याचा वास आमच्या वरणात उतरायचा. मोबाईलवरची बाई बोटभर बो दाखवायची, ते काकूला पटेना.

"एवढुसा काऊन करा? दिसला त पाह्यजे," ती म्हणायची.

तिचा बो दिसायचा. मागून पाहिलं तर फक्त बोच दिसायचा, पोरगी दिसत नसे. मी एकदा म्हटलं, "काकू, जरा लहान करा ना."

"तुमच्या पोट्टीचं डोकंच लहान हाय, त्याले मी काय करू?"

पोरींनी यावर उपाय शोधला होता. गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या कोपऱ्याला वळलं की बो निघायचे आणि दप्तरात कोंबले जायचे. संध्याकाळी तिथेच परत डोक्यावर चढायचे. माझी आठवीतली पोरगी या कामात सगळ्यांत तरबेज. साऱ्या गल्लीला हे ठाऊक होतं, काकूला तेवढं कुणी सांगत नव्हतं.

संध्याकाळी ती प्रत्येकीला अडवून विचारायची, "बाईनं काय म्हटलं?" पोरी तोंडाला येईल ते सांगत. एकीने तर ठोकून दिलं की मोठ्या बाई बो बघायला घरी येणार आहेत. दुसऱ्या दिवशी काकू ठेवणीतली साडी नेसून ओट्यावर बसून राहिली. अर्थातच कुणी आलं नाही.

ती अकोल्याला जायच्या आधीच्या पोळ्याची गोष्ट. मी तिच्याकडे गवार मोडत बसले होते. मागच्या गल्लीतला एक शेतकरी आला.

"काकू, दोन मोठाले लाल बो पाह्यजेत."

"पोट्टीले काय?"

"नाई, राजाले."

राजा म्हणजे त्याचा बैल. शिंगांना बांधायचे होते. काकूचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मी ढोराचं काम करत नाई," ती म्हणाली. "हे फॅन्सी काम हाय, सॅटिन हाय हे."

तो साधा माणूस, समजूत घालायला गेला. "अवो, पोट्ट्या त गिरणीपाशीच काढून टाकतेत. राजा नाई काढत."

मी गवारीत तोंड खुपसलं. काकू रिबिनीचं टोक मेणबत्तीवर धरून होती, ते काळं पडलं तरी तिने हात काढला नाही. "परवा घेऊन जा," एवढंच त्याला म्हणाली. तो गेल्यावर माझ्याकडे न बघता बोलली, "मले माईत हाय. मी बी दळण तिथंच नेतो ना."

"मग रोज कशाला लावता?"

"लावू त देतेत. तेवढा वेळ डोकं हातात राह्यते."

मी मोडलेलीच गवार परत मोडू लागले.

पोळ्याला राजा तोरणाखाली उभा राहिला तो सुपाएवढे लाल बो मिरवत. लोक बाकीच्या बैलांच्या झुली सोडून त्यालाच पाहू लागले. ज्या पोरींना बोची लाज वाटायची, त्याच राजाशेजारी उभं राहून फोटो काढायला धावल्या. माझी पोरगी सगळ्यांत पुढे. वर काकूला म्हणते, "काकू, मले असाच पाह्यजे."

काकूने तिला नखशिखान्त न्याहाळलं. "आधी बैल हो, मंग देईन."

सगळे हसले, पोरगी फुगून घरी गेली. मला मनातून फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो शेतकरी मुद्दाम सांगायला आला, "काकू, बो काढायले गेलो त राजा शिंग उगारते. राहूच देले."

तो गेला. "खोटं बोलून राह्यला," काकू म्हणाली. "ढोराले काय समजते?"

आणि तिला रडू फुटलं. हातात सॅटिनचा तुकडा होता, त्यानेच ती डोळे पुसायला लागली. सॅटिन काही पाणी टिपत नाही. बराच वेळ पुसत बसली होती.