गेरू लावलेला दगड

माझा देवावर विश्वास नव्हता, आणि ज्या दिवसाबद्दल मी लिहितो आहे त्या दिवशी तर माणसांवरचाही उडाला होता. माझे वडील रझाकारांच्या काळात सरहद्दीवरच्या कॅम्पातून पत्रकं आणून गावोगाव वाटत. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवरच. 'जुलूम', 'हक्क', 'एकजूट' हे शब्द मला 'कमळ' आणि 'गवत' यांच्या आधी वाचता येऊ लागले. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वडील तापाने गेले. आता सगळं बदललं या समाधानात ते गेले. आई दौलताबादच्या वाटेवरच्या खाणीत खडी फोडायला जाऊ लागली आणि मी औरंगाबादेत एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. काय बदललं ते मग आम्हाला दिसलं. खाणीचा ठेकेदार तोच होता. पूर्वी तो शेरवानी घालून निजामाच्या रस्त्यांना दगड पुरवायचा, आता खादीची टोपी घालून शहरातल्या एका नव्या सरकारी इमारतीला पुरवत होता. टोपी बदलायला त्याला एक दिवससुद्धा लागला नसेल.

खाणीचा वरचा कडा पावसाळ्यानंतर फुटला होता. भेग एवढी रुंद होती की त्यात कोपरापर्यंत हात जायचा. त्या कड्याखालीच दुपारी सावली पडायची, बैलगाड्याही तिथेच लागायच्या, म्हणून बायकांना खडी फोडायला तिथेच बसवलेलं. माझी आई त्यांत होती. मी मुकादमाला सांगितलं, त्याने हसून ठेकेदाराकडे पाठवलं. ठेकेदाराने मला बसायलासुद्धा सांगितलं नाही. म्हणाला, "देवाचा डोंगर आहे तो. आजवर कुणाला काही झालं? देव राखतो. तू तुझे खिळे जुळव." ज्या देवाचं नाव या माणसाच्या तोंडात इतक्या सहज बसतं, त्या देवाशी आपलं काही देणंघेणं नाही, असं मी त्याच्या ओसरीवरून उतरता उतरता ठरवून टाकलं.

मग मी मला येत होतं तेच केलं. पत्रक लिहिलं, स्वतःच खिळे जुळवले, छापलं. कडा उतरवून घेईपर्यंत त्याखाली कुणी बसू नये, एवढंच त्यात होतं. बाकी होता तो माझा संताप. बायकांना वाचता येत नव्हतं म्हणून मी खाणीत उभा राहून मोठ्याने वाचलं. आई म्हणाली, "वाच बाबा, वाच. पण हात चालू ठिवून ऐकतो आम्ही." सगळ्या हसल्या. हातोडे थांबले नाहीत. महिनाभर मी सुट्टी मिळेल तेव्हा सायकल हाणत जायचो, ओरडायचो आणि परत यायचो. रोज संध्याकाळी आई घरी येईपर्यंत मी वाटेकडे डोळे लावून दारात बसायचो. ती आली की मी तिच्याशी भांडायचो, कारण ठेकेदाराशी भांडून काही होत नव्हतं.

त्या शुक्रवारी मी नवीन पत्रकं घेऊन दुपारी खाणीवर पोचलो आणि पाहतो तर कड्याखाली कुणीच नव्हतं. क्षणभर वाटलं, ऐकलं शेवटी. मग खाणीच्या दुसऱ्या टोकाला, लिंबाच्या झाडाजवळ, सगळी माणसं गोळा झालेली दिसली. आरती चालली होती.

काय झालं होतं ते नंतर कळलं. कन्नड तालुक्यातून गिरजा नावाची एक बाई नुकतीच कामाला आली होती. सुरुंगाचं काम बघणारे चाँदचाचा दुसऱ्या दिवशी जो दगड उडवायचा त्याच्यावर गेरूची फुली मारून ठेवत. ही त्यांची जुनी रीत सगळ्यांना माहीत होती, गिरजाला नव्हती. तिला झाडाखाली लाल रंग लावलेला दगड दिसला, त्यात शुक्रवार, देवीचा वार. तिने भाकरीचा तुकडा ठेवला, हळद वाहिली आणि डोकं टेकलं. चाँदचाचा सांगायला गेले, "अरे बाई, वो शेंदूर नई, गेरू है. कल सुरुंग लगाना है उसको." गिरजा म्हणाली, "असू द्या भाऊ. लाल तं हाय ना." तिच्यामागे दुसरी बाई गेली, मग तिसरी, मग गडीही. मुकादम शिव्या देत धावून आला, पण आरती सुरू झालेली पाहून त्याची पंचाईत झाली. त्याने वहाणा काढल्या आणि हात जोडले.

माझं डोकं फिरलं. त्या कड्याखाली बसू नका म्हणून मी महिनाभर घसा कोरडा केला तेव्हा कुणी उठलं नाही, आणि गेरूच्या एका फुलीसाठी अख्खी खाण उठली होती. मी गर्दीत घुसून ओरडलो की हा देव नाही, उद्या याच्यात सुरुंगाची दारू भरणार आहेत.

"मग आजच पाया पडून घेते," गिरजा म्हणाली.

आईने माझा सदरा धरून मागे ओढलं आणि हळूच म्हणाली, "गप उभा ऱ्हा. मुकादम हात जोडून हाय तंवर आमच्या पाठीला आराम हाय."

आरती संपली. मुकादम म्हणाला, "झालं ना? चला आता." आणि सगळ्यांत आधी निघाली ती आईच. तिचं तसंच होतं. कामाला बोलावणं आलं की ती थांबत नसे. ती खाणीच्या मध्यापर्यंत गेली असेल. गिरजाने मागून हाक मारली, "ओ अक्का, परसाद तं घ्या. तसंच जाऊ नाय." आई कुरकुरत परत फिरली. गिरजाने तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

आधी आवाज आला नाही, आधी धूळ दिसली. कड्याच्या अंगावरून बारीक खडे घरंगळले आणि मग भेगेपुढचा अर्धा कडा जागच्या जागी खाली बसला. पायाखालची जमीन हलली. बराच वेळ समोर काही दिसत नव्हतं. चाँदचाचा एकेकाचं नाव घेऊन हाका मारत होते आणि धुळीतून एकेक 'व्हय' येत होता. जिथे आई रोज बसायची तिथे घराएवढे दगड पडले होते. आई माझ्याजवळ उभी होती, गूळ तिच्या मुठीत तसाच होता. मी तिचा हात धरला तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार आला, नारळ आणि हार घेऊन. त्याने दगडासमोर नारळ फोडला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की देवीने माझी खाण राखली, मी इथे देऊळ बांधीन. लोक माना डोलवत होते. आणि त्याच दमात मुकादमाला म्हणाला, पडलेला माल आयताच आहे, बायकांना तिथेच बसवा. वर अर्धा कडा अजून लोंबकळत होता. माझ्या अंगाची आग झाली. माझ्या आईच्या जिवावर हा माणूस पुण्य कमावत होता आणि उरलेल्या जिवांचा माल करत होता. मी बोलायला तोंड उघडलं, पण आई माझ्या पुढे झाली. तिने हात जोडले होते, आवाज चढवला नव्हता.

"मालक, देवीनं आमाला तिथून उठीवलं. आता तिथंच बसलो तं तिला कसं वाटंल? कडा उतरून घ्या, मग बसतो."

गिरजा म्हणाली, "व्हय." मग सगळ्याच बायका म्हणाल्या. ठेकेदाराच्या हातात नारळाची शेंडी अजून तशीच होती. देवीला खोटं पाडायचं तर स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर पाडावं लागलं असतं. तो चाँदचाचांकडे वळून म्हणाला, निदान हा दगड तरी उडवून वाट मोकळी करा, देवीसाठी दुसरा घडवून घेऊ. चाँदचाचा विडी पेटवत म्हणाले, "गेरू मैंने लगाया साहब. अब सुरुंग मैं नई लगाता." बायका कड्यापासून दूर झाडाखाली जाऊन बसल्या. वरून लोखंडी पहारींनी कडा उतरवून झाला, तेव्हाच खडी फुटायला लागली.

ठेकेदाराने देऊळ बांधलं. पायरीवर त्याने आपल्या वडिलांचं नाव कोरून घेतलं आहे. गिरजाचं नाव कुठेच नाही. ती पायरी चढताना माझे दात आजही आवळले जातात, आणि ते आवळू नयेत असं मला वाटतही नाही. शरण जाणं म्हणजे राग टाकणं असं कुणी मला सांगितलं तर मी ऐकणार नाही. मी एवढाच हट्ट टाकला की माझ्या आईला मीच वाचवणार, माझ्याच शब्दांनी वाचवणार. ते माझ्या हातात नव्हतं. ते एका अनोळखी बाईच्या चुकीत होतं, तिच्या एका हाकेत होतं. त्या हाकेच्या मागे कोण होतं ते मला माहीत नाही आणि मी विचारतही नाही.

कडा पडला त्याच्या पुढच्याच शुक्रवारी, देऊळ व्हायच्या आधी, मी आईबरोबर गेलो. बायकांनी आरती म्हटली, मला ती येत नव्हती. मी त्या काळ्या दगडावर डोकं टेकलं तेव्हा तो उन्हाने तापलेला होता. मागण्यासारखं काही आठवेना. उठलो तेव्हा आई माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती, खडीच्या धुळीने तिला खोकला येत होता, आणि मी तो ऐकत राहिलो.